दुहेरी पोलरायझेशनचा क्वाड: एक पोर्ट जुळवला की दुसरा बिघडतो

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. २ मीटरच्या हौशी रेडिओ बँडसाठी चौकोनी क्वाड, म्हणजे तारेच्या बंद लूपांचा अँटेना, बांधला. ड्रिव्हन लूपला, म्हणजे ज्याला केबल जोडतात त्या लूपला, दोन पोर्ट (केबल जोडायच्या जागा) दिले: खालच्या बाजूच्या मध्यावर आडव्या पोलरायझेशनसाठी (लहरीच्या विद्युतक्षेत्राची दिशा आडवी), डाव्या बाजूच्या मध्यावर उभ्यासाठी. आडवा पोर्ट बँडच्या एसएसबीच्या (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची एक पद्धत) भागात छान बसला. मग उभ्या पोर्टाला केबल लावून तो एफएमच्या भागात आणला आणि सहज आडवा पुन्हा तपासला, तर त्याचा खड्डा (परावर्तन सगळ्यात कमी असते ती फ्रिक्वेन्सी) भलतीकडेच सरकलेला. तार थोडी कापून आडवा जागेवर आणला, तर उभा निसटला. पुन्हा उभ्यासाठी काहीतरी केलं, पुन्हा आडवा गेला. शेवटी लूप बँडच्या पार वर जातो आणि नवी तार आणावी लागते.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे हातातली पक्कड खाली ठेवणं. लांबीचा दोष असता, तर दोन्ही पोर्ट एकाच दिशेला आणि साधारण सारखेच सरकले असते. दोघं एकमेकांना ढकलत असतील, तर दोष लांबीत नाही, दोघांच्या विलगतेत, म्हणजे एका पोर्टातली ताकद दुसऱ्यात न गळण्यात, आहे. ती विलगता न मोजता केलेलं ट्यूनिंग वाया जातं.

लूपवर काय चालतं

पूर्ण तरंगलांबीच्या लूपला खालच्या मध्यावर फीड दिलं, की प्रवाह तिथे आणि बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूच्या मध्यावर, सगळ्यात जास्त असतो. डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यावर तो जवळजवळ शून्य होतो आणि व्होल्टेज मात्र तिथे शिखरावर असतं. दोन पोर्टांची युक्ती याच गोष्टीवर उभी आहे. उभ्या पोर्टासाठी तार जिथे कापतो, तिथे आडव्याचा प्रवाहच नसतो. मग तिथे फट असो, रिले असो की ५० ओहमचा डमी लोड असो, आडव्याला त्याचं काही वाटायला नको. उलट दिशेनेही तेच.

पण याच चित्रात दुखणंही आहे. उभ्या पोर्टाला जोडलेल्या केबलची शील्ड (बाहेरची धातूची जाळी) लूपवर नेमकी तिथे टांगलेली असते, जिथे आडव्याचं व्होल्टेज सगळ्यात जास्त आहे. दोन तारांमधून, म्हणजे पोर्टातून, काही जात नसलं तरी शील्डच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जायला वाट मोकळी असते. एकाच पोर्टाच्या क्वाडमध्ये हा प्रश्न एवढा छळत नाही, कारण फीडच्या जागी व्होल्टेज कमी असतं. बालुन (लूप आणि केबल यांच्यात समतोल राखणारा जोड) न लावताही पुष्कळ जणांचं निभावतं. दोन पोर्ट आले की दोन्ही पोलरायझेशनना एकाच वेळी शांत असा एकही बिंदू लूपवर उरत नाही. एकाचा शांत बिंदू हा दुसऱ्याचा तापलेला बिंदू. साध्या क्वाडची सवय इथे चालत नाही, ती यामुळे.

जाता जाता, क्वाडचा जन्मही व्होल्टेजच्या शिखरांमुळेच झाला. इक्वेडोरमधल्या कीटो इथल्या एचसीजेबी या शॉर्टवेव्ह केंद्रावर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला यागी अँटेनाच्या टोकांवर कोरोना (हवेतून होणारं विद्युत-विसर्जन) पेटायचा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर हवा विरळ, त्यात ताकद मोठी, टोकं वितळायची. क्लॅरन्स मूर या अभियंत्याने टोकंच नसलेला अँटेना बनवला, तो हा लूप. टोकं गेली, तरी व्होल्टेजची शिखरं लूपवर राहिलीच, आणि आपण त्यातल्याच एका शिखरावर केबल बांधतो.

आधी मोजा

नॅनोव्हीएनए (परावर्तन आणि गळती मोजणारं छोटं यंत्र) असेल तर काम अर्ध्यावर येतं. कॅलिब्रेशन केबलच्या लूपकडच्या टोकाला करा, यंत्राच्या तोंडाशी नको. एक चॅनेल आडव्या पोर्टाला, दुसरा उभ्याला, आणि १४० ते १५० मेगाहर्ट्झमध्ये एस२१ बघा, म्हणजे एका पोर्टात दिलेल्यापैकी दुसऱ्यातून किती बाहेर येतं ते. हीच पोर्टांमधली विलगता.

ती किती हवी? वाटतं तेवढी नाही. दुसरा पोर्ट नीट जुळलेला आहे असं धरलं आणि त्याचं तोंड उघडं किंवा शॉर्ट ठेवलं, तर पहिल्या पोर्टाच्या परावर्तनात होणारा बदल एस२१ च्या वर्गाइतका असतो. विलगता २० डीबी असेल तर तो बदल शंभरात एक भाग. एसडब्ल्यूआरच्या (जुळणीचं माप, १.० म्हणजे पूर्ण जुळलेलं) काट्यावर दिसणारही नाही. १० डीबी असेल तर नीट जुळलेला १.० चा पोर्ट १.२ पर्यंत जातो. ६ डीबी असेल तर १.७ च्या आसपास. म्हणजे ४० डीबीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, पण १० च्या खाली असाल तर ट्यूनिंग सुरूच करू नका.

व्हीएनएला दुसरा चॅनेल नसेल, किंवा नुसता अँटेना ॲनलायझर असेल, तरी अडत नाही. आडव्या पोर्टावर ॲनलायझर लावा आणि उभ्या पोर्टावर, थेट लूपपाशी, आळीपाळीने उघडं, शॉर्ट आणि ५० ओहमचा रोध लावून पाहा. तिन्ही वेळा रेषा जागची हलली नाही तर विलगता ठीक. हलली तर नाही. ही चाचणी केबलच्या दूरच्या टोकाला करू नका. केबलच्या लांबीप्रमाणे उघड्याचं शॉर्ट होतं, शॉर्टचं उघडं होतं, आणि आपण नेमकं काय तपासतोय तेच कळत नाही.

आदर्श लूपलाही विलगता अनंत मिळत नाही. एका जागी फीड दिलेल्या लूपवर मुख्य प्रवाहाबरोबर थोडा सगळीकडे सारखा फिरणारा प्रवाहही असतो, आणि तो बाजूच्या मध्यावर शून्य होत नाही. म्हणून स्वतःच्या आराखड्याचं संगणकावरचं मॉडेल जेवढी विलगता दाखवतं तेवढीच अपेक्षा ठेवा. त्याच्या दोन-तीन डीबीच्या आत आलात, तर प्रश्न सुटला असं समजा. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एकाच कलेत (फेजमध्ये) फीड देऊन हा उरलेला प्रवाह मारता येतो, पण चार फीड, चार केबल आणि त्यांची मांडणी पाहता हौशी कामासाठी तो खटाटोप मला परवडणारा वाटत नाही.

पहिला संशयित: दुसरी केबल

व्हीएनए आडव्या पोर्टावर, रेषा स्क्रीनवर. आता उभ्या पोर्टाची केबल मुठीत धरा आणि मूठ लूपपासून बूमपर्यंत (लूप ज्या मधल्या दांड्यावर बसतात तो) हळूहळू सरकवत न्या. काही जागी रेषेतला खड्डा ढिम्म हलत नाही, आणि एखाद्या जागी मूठ आली की तो एकदम बाजूला सरकतो किंवा उथळ होतो. असं झालं तर शील्डच्या बाहेरून प्रवाह चालू आहे याबद्दल शंका ठेवू नका. हीच चाचणी अदलाबदल करून, उभ्या पोर्टावर व्हीएनए लावून आडव्याच्या केबलवर करा. मुठीऐवजी क्लिप लावायचा फेराइट सरकवला तर आणखी स्पष्ट दिसतं: जिथे त्याचा परिणाम सर्वांत जास्त, तिथे शील्डवरचा प्रवाह सर्वांत जास्त.

ताकद लावूनही हे तपासता येतं. एका पोर्टावर ५० वॉट मिनिटभर द्या, मग ट्रान्समिट बंद करून *दुसऱ्या* पोर्टाच्या चोकचे मणी (शील्डच्या बाहेरचा प्रवाह अडवायला केबलवर ओवलेले फेराइटचे) बोटाने चाचपा. वापरात नसलेल्या पोर्टाचे मणी कोमट लागले, तर ताकद तिकडे जाते आहे. ट्रान्समिट चालू असताना मात्र हात लावू नका. व्होल्टेज शिखरावर आहे हे वर सांगितलंच.

उपाय चोकचाच, पण त्याची जागा महत्त्वाची. चोक अगदी पोर्टाला चिकटून हवा, शील्ड लूपला जिथे भिडते तिथेच. सोयीसाठी चोक बूमजवळ ठेवला तर पोर्ट ते चोक हा शील्डचा तुकडा लूपला लोंबणारी शेपटी होतो. ही शेपटी पाव तरंगलांबीच्या जवळ गेली, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ५२ सेंटिमीटर, की चोकच्या टोकाचा मोठा इम्पिडन्स पोर्टाच्या टोकाला छोटा होऊन दिसतो. म्हणजे चोक जितका चांगला, तितका अपाय जास्त! "चोक लावला तर आणखी बिघडलं" अशी तक्रार येते तेव्हा मी आधी चोकची जागा विचारतो.

या फ्रिक्वेन्सीला फेराइटच्या मिक्स ४३ किंवा ६१ या प्रकारांचे मणी घ्या आणि एकावर भागवू नका. पोर्टाशी चार-पाच सलग ओवा आणि बूमजवळ पुन्हा दोन-तीन. मिक्स ३१ एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) उत्तम, पण इथे त्याच्याकडून तेवढं काम मिळत नाही. फेराइट नसेल तर शील्डवरून पाव तरंगलांबीची नळी बसवून केलेला बालुनही चालतो, मात्र पोर्टाशी तिचं लोढणं सांभाळायचं म्हणजे स्प्रेडरला (तार ताणून धरणाऱ्या काठीला) जादा आधार द्यावा लागतो.

चोकनंतर केबलचा मार्ग. आडव्या पोर्टाची केबल खालच्या मध्यातून सरळ वर बूमकडे न्या, उभ्या पोर्टाची डाव्या मध्यातून सरळ आडवी बूमकडे. दोन्ही लूपच्या मध्यरेषांवर राहतात, त्यामुळे निदान स्वतःच्या पोलरायझेशनची समतोल मांडणी त्या मोडत नाहीत. खालच्या पोर्टाची केबल कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या पोर्टापर्यंत न्यायची आणि मग दोघी एकत्र बांधून बूमकडे, अशी नीटनेटकी मांडणी दिसायला सुरेख दिसते. पण लूपमध्ये तिरपी धातूची रेघ आली की दोन्ही पोलरायझेशन एकमेकांत मिसळतात.

दुसरा संशयित: चौकोन चौकोन नाही

चोक बसवूनही विलगता सुधारली नाही तर मोजपट्टी काढा. चौकोन दोन प्रकारांनी बिघडतो आणि दोघांची लक्षणं वेगळी असतात. हा फरक कळला की निम्मं निदान हातात येतं.

एक, चौकोनाचा आयत होतो. समान लांबीचे स्प्रेडर इंग्रजी एक्ससारखे लावले आणि त्यांच्यातला कोन ९० अंशांचा राहिला नाही, की असं होतं. आयताच्या समतोल रेषा आडव्या-उभ्याच राहतात, म्हणून विलगता फारशी बिघडत नाही. बिघडतो तो इम्पिडन्स: आखूड बाजूला असलेल्या पोर्टाचा रोध उतरतो, लांब बाजूवरच्याचा चढतो. एक पोर्ट ८० ओहमच्या जवळ आणि दुसरा १३० कडे झुकलेला, पण एस२१ चांगला, असं दिसलं तर कोन तपासा.

दोन, चौकोन कलंडून समभुज होतो: बाजू चारही सारख्या, कर्ण मात्र लहान-मोठे. इथे समतोल रेषा कर्णांवर जातात, आणि आपले पोर्ट त्यांच्याशी ४५ अंशांवर बसलेले असतात. मग लूपला आपली आडवी-उभी भाषा कळेनाशी होते. तो कर्णांच्या दिशेने दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर वाजतो आणि दोन्ही पोर्टांना त्या दोन्ही फ्रिक्वेन्सी दिसतात. एसडब्ल्यूआरच्या रेषेत एकाऐवजी दोन खड्डे दिसू लागले, तेही दोन्ही पोर्टांवर त्याच जागी, तर कर्ण मोजा. फक्त बाजू मोजून हा दोष सापडत नाही.

एखाद्याच कोपऱ्याला काही जादा चिकटलेलं असेल तरी परिणाम हाच. कोपऱ्यावर तार गुंडाळून तिची शेपटी ठेवली, किंवा तिथे धातूची पट्टी वापरली, की तो कोपरा विजेच्या दृष्टीने लांब होतो. जीपीएसच्या पॅच अँटेनात एका कर्णावरचे कोपरे मुद्दाम छाटतात ते दोन पोलरायझेशन एकमेकांत मिसळून वर्तुळाकार पोलरायझेशन मिळवण्यासाठीच. आपल्याला इथे ते नको आहे. ड्रिव्हन लूपला तर वेगळा जोड लागतच नाही. दोन पोर्ट म्हणजे दोन फटी. एकूण लांबीच्या पाऊण भागाचा एक तुकडा आणि पाव भागाचा दुसरा, आणि जोड दोन्ही पोर्टांच्या डब्यांतच.

आता पोर्टाची जागा. चौकोनात बाजूचा पोर्ट दोन स्प्रेडरांच्या मधोमध अधांतरी असतो. डबा, मणी आणि केबल यांच्या वजनाने तो खाली ओढला जातो. १४५ मेगाहर्ट्झच्या लूपवर २.११ मीटर म्हणजे ३६० अंश, तेव्हा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.७ अंश. पोर्ट मध्यापासून दोन सेंटिमीटर सरकला तर आडव्याच्या प्रवाहाचा साधारण सहा टक्के भाग तिथे दिसू लागतो. पाच सेंटिमीटर सरकला तर पंधरा टक्के. म्हणून बूमपासून पोर्टापर्यंत फायबरग्लासची आडवी काठी द्याच. केबलही तिच्यावरूनच येते.

कोपऱ्यावर उभा केलेला क्वाड घेतला तर स्प्रेडर अधिक चिन्हासारखे असतात, पोर्ट थेट त्यांच्या टोकांवर येतात आणि केबलला आयता मार्ग मिळतो. बांधायला हा सोपा. पण मग व्होल्टेजची सगळी शिखरंही स्प्रेडरच्या टोकांवरच येतात आणि पावसात ओल्या काठीचा जितका त्रास व्हायचा तितका होतो. सपाट चौकोनात टोकं कोपऱ्यांना असतात, तिथे दोन्ही पोलरायझेशनचं व्होल्टेज मधलंच असतं. मी सपाट चौकोन निवडेन, जादा काठ्या सोसून.

रिफ्लेक्टरचा स्टब

जुन्या आराखड्यांत रिफ्लेक्टर (ड्रिव्हन लूपच्या मागचा, केबल नसलेला लूप) जुळवण्यासाठी त्याच्या खालच्या बाजूला शॉर्ट केलेला स्टब (दोन तारांचा छोटा तुकडा) असतो. दुहेरी पोलरायझेशनमध्ये हा फसवतो. स्टब खालच्या मध्यावर आहे, म्हणजे आडव्याच्या प्रवाहाच्या शिखरावर आणि उभ्याच्या शून्यावर. तो हलवला की रिफ्लेक्टर आडव्यासाठी जुळतो. उभ्याला तो जणू नाहीच. परिणाम असा, की आडव्यावर पुढचं-मागचं गुणोत्तर छान आणि उभ्यावर मागून भरपूर ऐकू येतं. लोक मग उभ्या पोर्टाच्या मॅचिंगला दोष देतात.

एक तर बाजूच्या मध्यावर तेवढाच दुसरा स्टब द्या, किंवा स्टब काढून टाका आणि रिफ्लेक्टरची लांबीच नेमकी ठेवा. २ मीटरसारख्या व्हीएचएफ बँडला दुसरं सोपं. सुरुवातीचे आकडे नेहमीचेच: नागड्या तारेसाठी ड्रिव्हन लूपचा परीघ मीटरमध्ये ३०६ भागिले मेगाहर्ट्झ, रिफ्लेक्टर ३१४ भागिले, डायरेक्टर (पुढचा लूप) २९७ भागिले. १४५ साठी ड्रिव्हन २.११ मीटर, रिफ्लेक्टर २.१७, डायरेक्टर २.०५.

मॅचिंगबद्दल थोडकं

गॅमा मॅच (तारेला समांतर दांडा लावून केलेली जुळणी) एका पोर्टाच्या क्वाडला पुष्कळदा वापरतात. इथे टाळा. गॅमाचा दांडा मध्याच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे समतोल मुळातच जातो, आणि असे दोन दांडे काटकोनात आले की विलगता हातची जाते. एकट्या लूपचा रोध १०० ते १२० ओहमच्या आसपास असतो, रिफ्लेक्टर जवळ येईल तसा उतरतो. तो ११० च्या जवळ असेल तर ७५ ओहमच्या कोॲक्सचा पाव तरंगलांबीचा तुकडा पुरतो: ७५ चा वर्ग भागिले ११२, म्हणजे ५०. घन पॉलिथिलीनच्या कोॲक्सचा वेग-गुणांक ०.६६ धरून १४५ साठी ३४ सेंटिमीटर. मणी याच तुकड्यावर, लूपच्या टोकाला.

मॉडेल एक सांगतं, लूप दुसरंच

तार कापण्याआधी मॉडेल केलं असेल, तर प्रत्यक्षातला खड्डा मॉडेलपेक्षा चार-पाच मेगाहर्ट्झ खाली सापडणं ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण एकच: मॉडेलमध्ये तार नागडी आणि हातात पीव्हीसीचं आवरण असलेली. आवरणाने लहरीचा वेग दोन ते पाच टक्के उतरतो. १४५ चे तीन टक्के म्हणजे ४.३५ मेगाहर्ट्झ, आणि १४४ ते १४६ चा भाग अवघा दोन मेगाहर्ट्झचा. एवढ्याने लूप बँडबाहेर जातो.

एनईसी-२ या मूळ गणन-इंजिनात आवरणाची सोय नाही. एनईसी-४ मध्ये आहे. ईझेडनेकमध्ये तारेच्या आवरणाची जाडी आणि डायइलेक्ट्रिक गुणांक देता येतो, आणि तो प्रोग्राम २०२२ पासून मोफत आहे. पण आवरणाच्या प्लॅस्टिकचा खरा गुणांक आपल्याला कुठे ठाऊक असतो? म्हणून मला आवडणारी वाट अशी: त्याच तारेचा एकटा लूप बांधा, एकाच पोर्टाचा, त्याचा खड्डा मोजा, तोच लूप त्याच उंचीवर नागड्या तारेने मॉडेल करा आणि दोन फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर काढा. तेवढ्या गुणोत्तराने सगळ्या लूपांच्या लांब्या कमी करा. अंतरं मात्र बदलू नका. ती हवेतली असतात.

एमएमएएनए-गॅल हा दुसरा मॉडेलिंग प्रोग्राम मिनिनेक या इंजिनावर चालतो, आणि मिनिनेक काटकोनी वळणांवर कोपरा जणू कापून घेतो. क्वाड म्हणजे चारही कोपरे, त्यामुळे सेगमेंट (मॉडेलमध्ये तारेचे पाडलेले तुकडे) मोठे असतील तर रेझोनन्स खऱ्यापेक्षा वर दिसतो. कोपऱ्यांजवळ सेगमेंट बारीक करा आणि संख्या वाढवून फ्रिक्वेन्सी स्थिरावते का ते बघा. एनईसीच्या कुळातल्या प्रोग्राममध्ये दर बाजूला विषम सेगमेंट द्या, ११ किंवा १५, म्हणजे सोर्स (फीडची जागा) बरोबर मध्यावर बसेल. सम संख्या दिली की सोर्स अर्धा सेगमेंट बाजूला जातो, आणि मॉडेलमधलीच विलगता बिघडते.

मॉडेलचा खरा उपयोग मला लांब्या काढण्यापेक्षा बिघाड ओळखण्यात वाटतो. नीट चालणारं मॉडेल घ्या आणि त्यात एक-एक दोष मुद्दाम घाला. उभ्या पोर्टाच्या एका टोकाला केबलच्या शील्डच्या जाडीची तार जोडून ती बूमपर्यंत आणि मग खाली न्या. चोकच्या जागी एक लोड ठेवा आणि त्याची किंमत शून्यापासून काही हजार ओहमपर्यंत वाढवत जा. आडव्याचा खड्डा कसा परत जागेवर येतो ते डोळ्यांसमोर दिसतं आणि किती चोक पुरे तेही कळतं. मग चौकोन दोन अंशांनी कलंडवा. मग पोर्ट दोन सेंटिमीटर खाली आणा. प्रत्येक दोषाचं चित्र वेगळं असतं. तुमच्या व्हीएनएवरचं चित्र ज्याच्याशी जुळेल, तो दोष आधी शोधा.

खाली जुळला, वर चढवला की बिघडला

ट्यूनिंग करताना अँटेना आकाशाकडे तोंड करून ठेवा, रिफ्लेक्टर जमिनीकडे आणि जमिनीपासून मीटरभर तरी वर. क्षितिजाकडे तोंड असताना जवळची जमीन आडव्या आणि उभ्या पोलरायझेशनशी वेगवेगळी वागते. वर तोंड केलं की दोघांना ती सारखीच.

वर चढवल्यावर फक्त उभा पोर्ट बिघडला तर मास्टकडे (अँटेना धरणाऱ्या उभ्या खांबाकडे) बघा. धातूचा मास्ट लूपांच्या मधून जात असेल तर तो उभ्या पोलरायझेशनला समांतर आहे, आडव्याला काटकोनात. आडव्याला तो दिसत नाही, उभ्यात तो एक जादा एलिमेंट होऊन बसतो. बूम रिफ्लेक्टरच्या मागे वाढवा आणि तिथे मास्टला धरा. किंवा मास्टचा वरचा भाग फायबरग्लासचा घ्या, पण मग त्याच भागातून केबल उभी खाली सोडू नका. मास्टची धातू काढून केबलची धातू तिथेच आणली तर मिळवलं काय? केबल बूमवरून रिफ्लेक्टरच्या मागे नेऊन मगच खाली.

धातूचा बूम लूपांच्या मध्यातून गेला तरी क्वाडला फारसा फरक पडत नाही, तार त्याला कुठे भिडत नाही.

पावसात दोन्ही पोर्ट एकत्र थोडे खाली सरकतात, वाळले की परत येतात, हे चालायचंच. एकच पोर्ट सरकला आणि दोन दिवस परतला नाही, तर त्या पोर्टाच्या डब्यात किंवा कोॲक्सच्या कापलेल्या टोकात पाणी आहे. डब्याला तळाशी बारीक भोक ठेवा. पूर्ण बंद डब्यात दव जमतं आणि बाहेर पडत नाही.

दोन्ही पोर्ट एकदम वापरायचे असतील

पोर्ट बदलण्यासाठी रिले बूमवर असेल तर तो कोॲक्स रिलेच घ्या. साध्या रिलेच्या लांब पात्यांमधून १४५ मेगाहर्ट्झला इतकी गळती होते, की लूपवर कष्टाने मिळवलेली विलगता रिलेमध्येच जाते. मोजताना हा घोळ टाळायला एस२१ आधी लूपपाशी आणि मग रिलेमार्गे असा दोनदा घ्या. फरक दिसला तर दोष रिलेचा.

वर्तुळाकार पोलरायझेशनसाठी, समजा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा १४५.८०० वरचा आवाज ऐकायचा असेल, तर दोन्ही पोर्टांना सारखी ताकद द्यायची आणि एकाला पाव तरंगलांबीचा, म्हणजे ५० ओहमच्या कोॲक्सचा ३४ सेंटिमीटर जादा तुकडा द्यायचा. दोन्ही शाखा प्रत्येकी ७५ ओहमच्या पाव तरंगलांबीतून आणून टी जोडावर एकत्र केल्या, की प्रत्येकीचे ११२ आणि दोघींचे मिळून ५६ ओहम होतात, एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास. इथे मात्र विलगतेची सूट मिळत नाही. एका पोर्टातून दुसऱ्यात गळणारी ताकद चुकीच्या कलेत परत येते आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. तपासायला दूर एक छोटा डायपोल ट्रान्समिटरवर लावून तो स्वतःभोवती सावकाश फिरवा आणि एस मीटर (रिसीव्हरवरचं सिग्नलचं माप) बघा. काटा दोन-तीन डीबीपेक्षा जास्त खालीवर झाला, तर फेजिंगची केबल (तो जादा तुकडा) कापण्याआधी पुन्हा चोक आणि कर्ण तपासा. वर्तुळाची दिशा उलटी आली असेल तर जादा तुकडा दुसऱ्या शाखेत हलवा, किंवा एकाच पोर्टाची दोन टोकं अदलाबदल करा. दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा होतात तिथेच.